डीपीएफचा दिवा जात नाही, फिल्टर काढून टाकू का? (फैजपूर)

तापीकाठ – ९ डिसेंबर, रात्री ९:४०

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज अडचण आली म्हणून लिहितोय.

गाडी २०२१ची, बीएस ६, दीड लिटर डिझेल, ६८ हजार किलोमीटर. घर फैजपूरला, मळा पाच किलोमीटरवर. दिवसाला दोन-तीन चकरा मळ्यात, केळीची कटाई असली की सावद्याला, पोरीच्या क्लासला यावल. लांबचा प्रवास महिन्यातून एखादा.

दिवाळी झाली आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, डबीत ठिपके असलेला, म्हणजे डीपीएफचा (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर). पुस्तकात लिहिलंय की साठच्या वर वीस मिनिटं सलग चालवा. एका दुपारी भुसावळहून मुक्ताईनगरपर्यंत नेऊन आणली, दिवा गेला. आठ-दहा दिवसांनी परत आला. यावेळी पहाटे रस्ता मोकळा असतो म्हणून पहाटे दोनदा नेली, तरी गेला नाही.

गुरुवारी आईला डोळ्याच्या ऑपरेशनच्या तपासणीसाठी जळगावला नेत होतो. नशिराबादच्या अलीकडे गाडीचा पिकअपच गेला. इंजिनचा दिवाही लागला. कितीही रेस दिली तरी पन्नासच्या वर जाईना, मागून ट्रकवाले हॉर्न देताहेत. आई काही बोलली नाही, दाराची कडी घट्ट धरून बसली. डॉक्टरांची वेळ गेली ती गेलीच.

एका ठिकाणी सांगितलं, फिल्टर बदला, लाखाच्या वर जाईल. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, कशाला लाख घालता, आतलं सगळं काढून नळकांडं पोकळ करून देतो, सॉफ्टवेअरही मारून देतो, अठरा हजार. गावातले निम्मे लोक म्हणतात काढून टाक. मला मनातून ते पटत नाही, पण लाख रुपये म्हणजे आमच्यासाठी एका गाडी केळीचा भाव. काय करू?

गिरणाकाठचा – ९ डिसेंबर, रात्री १०:१५

भाऊ, मनी गाडीनं बी असंच व्हयनं व्हतं. मी तर काढी टाकं. दोन वरीस व्हयनात, काहीच तरास नही.

लळिंगवाला – ९ डिसेंबर, रात्री ११:०५

तापीकाठ भाऊ, घाई करू नका. धुळ्याला माझं २२ वर्षांचं गॅरेज आहे आणि डीपीएफच्या गाड्या आता आठवड्याला तीन-चार येतात. त्यातला खरोखर मेलेला फिल्टर क्वचित सापडतो. फिल्टर भरला म्हणजे फिल्टरच खराब, असं नसतं. काजळी एक तर जास्त तयार होतेय, नाही तर जळत नाहीये. हे शोधल्याशिवाय नवा लाखाचा बसवला तर तोही सहा महिन्यांत भरेल. आणि काढून टाकला तर मूळ दुखणं तसंच आत राहील.

चार गोष्टी बघून सांगा.

१. गाडी सपाट जागी थंड करून ऑइलची पट्टी काढा. पातळी वरच्या खुणेच्या वर गेलीय का? पट्टीला डिझेलचा वास येतो का?
२. इंटरकूलरचे (टर्बोकडून इंजिनात जाणारी हवा गार करणारा भाग) होज पाइप हाताने चाचपा. जोडाजवळ ऑइलचं ओलं दिसतंय का? तिथून हवा गळत असेल तर इंजिनला हवा कमी पडते आणि काजळी वाढते.
३. ज्याच्याकडे नीट स्कॅनर आहे त्याच्याकडून नुसते एरर कोड नको, चालू रीडिंग घ्या. काजळीचा भार, डीपीएफच्या मागच्या-पुढच्या दाबातला फरक, कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी झडप). इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन केली की दाबाचा फरक शून्य दिसायला पाहिजे. नसेल तर सेन्सर किंवा त्याच्या दोन बारीक नळ्या बघायच्या. त्या नळ्यांना चीर गेली की कॉम्प्युटर चुकीचं समजतो.
४. शेवटचं ऑइल कोणतं टाकलं? डबा असेल तर मागचं लेबल वाचा.

तोवर गाडी फार पळवू नका. दिवा लुकलुकत असेल किंवा लाल झाला असेल तर हायवेला नेऊन 'जाळण्याचा' प्रयत्न अजिबात नको. भार फार असताना एकदम पेट घेतला तर आतली जाळी तापून तडकते, मग खरंच लाख जातात.

स्मिता_नंदुरबार – १० डिसेंबर, सकाळी ७:२०

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माझ्या गाडीला हाच त्रास झाला तेव्हा हे सगळं समजून घेतलं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

फिल्टर म्हणजे सिरॅमिकचं मधमाशांच्या पोळ्यासारखं नळकांडं. त्याच्या शेकडो बारीक नळ्यांपैकी एक पुढून बंद, शेजारची मागून बंद. त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतून जावंच लागतं, आणि काजळी भिंतीवर अडकते. ही काजळी म्हणजे बहुतेक कार्बन. हवेतल्या ऑक्सिजनवर ती जळायला साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअस लागतात. गावातल्या गावात चालणाऱ्या गाडीचा धूर असतो दीडशे-दोनशे अंशांचा. म्हणजे तुमच्या मळ्याच्या पाच किलोमीटरात ती जळायचा प्रश्नच नाही, नुसती साठते.

हायवेला भार देऊन चालवली की धूर तापतो. फिल्टरच्या पुढच्या कॅटॅलिस्टमध्ये (धुरावर रासायनिक क्रिया घडवणारा डबा) नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो, आणि त्याच्यावर काजळी अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढेच हळूहळू जळत राहते. तेवढंही झालं नाही तर गाडीचा कॉम्प्युटर स्वतः जाळणी सुरू करतो. याला रिजनरेशन म्हणतात. पिस्टन खाली जाताना उशिरा थोडं जास्तीचं डिझेल सोडतो, ते कॅटॅलिस्टवर जळतं आणि फिल्टर सहाशेच्या आसपास तापतो. दहा-वीस मिनिटांचं काम. पण तेवढ्यात आपण मळ्यात पोचतो आणि चावी बंद करतो.

भरीत पार्टीला पळाटी (कपाशीची वाळली झाडं) पेटवतो ना, तसंच आहे हे. जाळ धडधडून लागला की धूर नाही. धुमसत ठेवलं की सगळ्यांचे डोळे चुरचुरतात आणि वांगंही कच्चं राहतं.

गिरणाकाठचा दादा, तुमच्यावर राग नाही. पण 'काहीच त्रास नाही' हे गाडीपुरतं झालं. बीएस ४ला एका किलोमीटरला २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती, बीएस ६ला साडेचार. तो फरक हा फिल्टरच करतो. डिझेलचा धूर कॅन्सर करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच पहिल्या गटात घालून सांगितलं आहे. आपल्याकडे हिवाळ्यात धूर जमिनीलगतच राहतो. मुलं त्याच उंचीवर चालत शाळेला जातात.

पारोळेकर – १० डिसेंबर, सकाळी ९:०२

त्या युरियाचं काय? निळ्या झाकणाची टाकी असते ना. ते जास्त टाकलं की फिल्टर साफ होतो असं आमच्या इथे एक जण सांगत होता. डिझेलमध्ये थोडं मिसळलं तर?

लळिंगवाला – १० डिसेंबर, सकाळी ९:३०

पारोळेकर भाऊ, चुकूनही नको. डिझेलच्या टाकीत ते गेलं तर पंप, इंजेक्टर सगळं जाईल. ते ३२.५ टक्के युरियाचं पाणी असतं, काम नायट्रोजनच्या वायूंवर. काजळीशी त्याचा संबंध नाही, आणि सगळ्या गाड्यांना ती टाकी असतेही असं नाही. चुकून पडलंच तर चावीसुद्धा फिरवू नका, गाडी ओढून न्या.

डिझेलमध्ये टाकायचं फिल्टर क्लिनरचं औषध वेगळं. त्याने काजळी थोड्या कमी तापमानाला पेटते. दिवा नुकताच लागला असेल तर मदत होते. लिम्प मोडला गेलेल्या, म्हणजे कॉम्प्युटरने ताकद कमी करून ठेवलेल्या गाडीला बाटलीने काही होत नाही.

शिरपूर_इंदूर – १० डिसेंबर, दुपारी १:४५

माझी टॅक्सी. शिरपूर ते इंदूर आठवड्यातून चार वेळा. बिजासन घाट चढताना गाडी अशी तापते की फिल्टरची तक्रार एक लाख चाळीस हजारांपर्यंत आली नाही. तीच गाडी लॉकडाउननंतर मेहुण्याने चार महिने शिरपुरातल्या शिरपुरात वापरली आणि ऑइलची पट्टी बघतो तर पातळी बोटभर वर! मला आधी वाटलं ऑइल खात नाही म्हणून बरं आहे. मग वास घेतला तर डिझेल. स्मिताताई म्हणाल्या तेच, जाळणी सुरू व्हायची, हा गाडी बंद करायचा, ते जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये. पातळ ऑइलवर टर्बो किती दिवस टिकणार? ताबडतोब ऑइल बदललं, थोडक्यात वाचलो.

जुनी डिझेल घेणाऱ्यांनी एक करा. पांढरा रुमाल बोटाला गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडात फिरवा. फिल्टर शाबूत असेल तर रुमाल जवळजवळ कोरा निघतो. काळाकुट्ट निघाला तर फिल्टर फुटलाय किंवा काढलाय. मी याच्यावरून दोन गाड्या नाकारल्या.

केळीवाला_रावेर – १० डिसेंबर, संध्याकाळी ६:१०

एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. जाळणी चालू असताना गाडी बांधावर, वाळल्या गवतावर, पळाटीच्या ढिगाशेजारी उभी करू नका. खाली फिल्टर सहाशे अंशांना तापलेला असतो. मागच्या मार्चमध्ये मी गाडी केळीच्या वाळल्या पानांवर लावून पाणी बघायला गेलो. पाच मिनिटांत परत आलो तर खालून धूर. दोन बादल्या पाणी जवळ होतं म्हणून निभावलं. आपल्याकडे मे महिन्यात गवत नुसतं बोटाने चुरलं तरी भुगा होतो. ठिणगीचीही गरज नाही.

जाळणी चालू आहे हे कसं कळतं तर: उभ्या गाडीची रेस नेहमीपेक्षा थोडी वर, अ‍ॅव्हरेजचा आकडा एकदम पडतो, जळका गरम वास येतो, आणि चावी काढल्यावरही पुढचा पंखा जोरात फिरत राहतो. हे दिसलं की बंद करू नका. आणखी दहा किलोमीटर फिरवून आणा.

वकील_अमळनेर – १० डिसेंबर, रात्री ८:२५

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल मालकाला करता येत नाही. प्रदूषणाच्या मानकांचा भंग कलम १९०(२)मध्ये येतो, दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वॉरंटी जाते ते वेगळंच. आणि उद्या गाडी विकताना घेणाऱ्याला सांगणार की लपवणार, हाही विचार करा.

तापीकाठ – ११ डिसेंबर, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दिवसभर हेच केलं.

ऑइल: पातळी दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये. वास डिझेलचा नाही. डबा सापडला, त्यावर सी३ लिहिलंय. होज पाइप कोरडे.

भुसावळला एका ओळखीच्या पोराकडे चांगला स्कॅनर आहे, त्याने गाडीत शेजारी बसून रीडिंग दाखवली. काजळीचा भार ११८ टक्के. चावी ऑन, इंजिन बंद, दाब शून्य. इंजिन चालू केल्यावर बराच वर. ईजीआर उघडझाप करते. शेवटचं पूर्ण झालेलं रिजनरेशन १,१४० किलोमीटरांपूर्वी. कूलंट ६४ अंश. पंचवीस मिनिटं चालवल्यावर ६४च. पोरगा म्हणाला, थंडी आहे म्हणून असेल. फोटो टाकलेत.

लळिंगवाला – ११ डिसेंबर, रात्री ९:३५

सापडलं असं वाटतंय भाऊ.

ऑइल वाढलेलं नाही म्हणजे जाळणी अर्धवट तुटत नाहीये, ती सुरूच होत नाहीये. आणि का होत नाही तर कूलंट ६४. पंचवीस मिनिटांनी ते ८५-९०ला जाऊन स्थिर राहायला पाहिजे, थंडी असो की ऊन. इंजिन नीट तापलं नाही तर कॉम्प्युटर जाळणीला परवानगीच देत नाही. तुमचा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडा अडकलाय. नोव्हेंबरात दुपारच्या उन्हात, भार देऊन चालवली तेव्हा इंजिन कसंबसं तापलं आणि काजळी जळली. पहाटे दोनदा नेली तेव्हा गार हवेने रेडिएटर इतका थंड ठेवला की काही झालंच नाही.

एक विचारतो. गाडीत हिटर लावून बघितलाय का कधी? हवा गरम येते का?

तापीकाठ – ११ डिसेंबर, रात्री १०:२०

तुमचं वाचून अंगावर काटा आला. हिटर मी कधी लावतच नाही. खान्देशात कोण लावतो? आमच्या गाडीचा एसी दहा महिने चालू असतो. पण बायकोला विचारलं तर ती लगेच म्हणाली, तुळशीच्या लग्नानंतर आपण पहाटे बऱ्हाणपूरला लग्नाला गेलो, तेव्हा पोरगी कुडकुडत होती म्हणून मी हिटर लावला होता, बऱ्हाणपूर आलं तरी कोमटच हवा येत होती. मी तेव्हा तिला म्हणालो होतो की डिझेल गाडीला वेळ लागतो.

आत्ता जाऊन बघून आलो. वीस मिनिटं चालवून हिटर पूर्ण लावला. हात धरला, कोमट.

लळिंगवाला – ११ डिसेंबर, रात्री १०:४०

म्हणूनच आपल्या भागात हे दुखणं लपून राहतं. आता बऱ्याच गाड्यांना तापमानाचा काटाच नसतो, इंजिन गार आहे सांगणारा निळा दिवा असतो आणि तो बराच लवकर विझतो. आणि हिटर कोणी लावत नाही. नाशिक-पुण्याकडे हिवाळ्यात हिटर लावणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात कळेल.

क्रम असा ठेवा. आधी थर्मोस्टॅट आणि कूलंट. मग कूलंट ८५च्या वर जातंय याची स्कॅनरवर खात्री. मगच वर्कशॉपमध्ये स्कॅनरने फोर्स्ड रिजनरेशन. स्वतः हायवेला नेऊन करू नका, ११८ टक्के आहे. डिझेल अर्ध्या टाकीच्या वर असू द्या. सिमेंटच्या मोकळ्या जागेत, बॉनेट उघडं, माणूस शेजारी उभा. शेवटी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, कारण या जाळणीत थोडं डिझेल ऑइलमध्ये जातंच.

वरणगावकर – १२ डिसेंबर, सकाळी ८:००

लळिंगवाला दादा, प्रश्न विचारतो. फिल्टर असा जाळून साफ होतो तर मग तो कायमचा का टिकत नाही? आणि प्रेशर पंपाने धुतला तर?

लळिंगवाला – १२ डिसेंबर, दुपारी २:१०

तुम्ही दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या शेजारचे. कोळसा जळतो पण राख उरते, ती कितीही तापवली तरी जात नाही. इथेही काजळी जळते, राख राहते. ती राख इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, झिंक, फॉस्फरसच्या पुरकांची. म्हणून कमी राखेचं सी२, सी३ वगैरे ग्रेडचं ऑइल लागतं, पुस्तकात जे लिहिलं असेल तेच. शंभर-दोनशे रुपये वाचवायला ट्रॅक्टरचं ऑइल टाकणारे मी पाहिलेत, त्यांचा फिल्टर निम्म्या वयात भरतो. नीट वापरला तर राखेचा प्रश्न सहसा दीड लाख किलोमीटरांच्या पुढे येतो. तेव्हा फिल्टर खोलून मशीनवर उलट्या बाजूने हवा-पाण्याने राख काढून देणारे असतात. नव्याच्या मानाने फार कमी खर्च. पण गाडी धुवायच्या पंपाने नको. जोराच्या धारेने आतल्या पातळ भिंती फुटतात आणि वरचा लेप निघतो. अ‍ॅसिड तर मुळीच नाही.

गिरणाकाठचा – १२ डिसेंबर, संध्याकाळी ७:३०

स्मिताताई, काल रात्री तुमचं लिखाण बायकोला वाचून दाखवलं. मी काढलेला फिल्टर त्या माणसाकडेच ठेवून आलो होतो, आज फोन केला तर म्हणाला कधीच विकला. परत बसवायला किती जाईल, कोणी सांगेल का? आमच्या घरात दम्याचा पेशंट आहे.

स्मिता_नंदुरबार – १२ डिसेंबर, रात्री ८:१५

दादा, विचारलंत याचंच खूप बरं वाटलं. आधी सॉफ्टवेअर मूळचं करून घ्यावं लागेल, नाहीतर नवा बसवूनही जाळणी होणार नाही. किमतीचं लळिंगवाला दादा सांगतील.

लळिंगवाला – १२ डिसेंबर, रात्री ९:००

गिरणाकाठचा भाऊ, गाडी घेऊन या धुळ्याला. सांधे कुठे कापलेत, सेन्सर शिल्लक आहेत का, हे बघितल्याशिवाय आकडा सांगणं बरोबर नाही. बघायचे पैसे घेणार नाही. आपल्याच मॉडेलचा, खात्रीचा फिल्टर मिळवून देण्याचा प्रयत्न करतो.

तापीकाठ – १९ डिसेंबर, रात्री ८:५०

काम झालं. थर्मोस्टॅट काढला तेव्हा मी समोरच उभा होतो. हातात घेतला तर बर्फासारखा गार, आणि तरीही झाकण करंगळीचं टोक जाईल एवढं उघडं. गार असताना ते घट्ट मिटलेलं पाहिजे. नवा हातात घेऊन बघितला, त्यात कागदही जाईना. जुना घरी आणलाय.

नवा बसवून चालवली, कूलंट ८८ला जाऊन थांबलं. मग फोर्स्ड रिजनरेशन. रेस आपोआप वर गेली, स्क्रीनवर फिल्टरचं तापमान चढत ६१०पर्यंत. गरम लोखंडासारखा वास. पस्तीस मिनिटांत भार ११८वरून ७वर आला. ऑइल, ऑइल फिल्टर बदलला. सगळं मिळून साडेनऊ हजार. पिकअप पहिल्यासारखा.

तापीकाठ – २४ जानेवारी, रात्री ९:३०

काहींनी पुढे काय झालं विचारलं म्हणून लिहितो. १,७०० किलोमीटर झाले, दिवा आला नाही. स्कॅनरवर मधे चार वेळा जाळणी पूर्ण झाल्याची नोंद आहे. आता मळ्याच्या चकरा मोटरसायकलवर, आणि आठवड्यातून एकदा गाडी मुद्दाम भुसावळपुढे दीपनगरपर्यंत, चौथ्या गिअरमध्ये दोन हजारांच्या वर रेस ठेवून.

परवा मळ्यात पोचलो तर रेस हजारावर, पंखा चालू. केळीवाला भाऊंची आठवण झाली. बांधावर न लावता तशीच वळवून आमोद्यापर्यंत नेऊन आणली. पंखा थांबल्यावरच चावी काढली.

आईचं ऑपरेशन सोमवारी झालं. पहाटे साडेपाचला निघालो, तापीवर धुकं होतं. नशिराबाद आल्यावर तिने परत दाराची कडी धरली. मग म्हणाली, ते गरम हवेचं जरा कमी कर, उकडतंय.

लळिंगवाला – २४ जानेवारी, रात्री ९:५५

आईला नमस्कार सांगा. पुढच्या सर्व्हिसिंगला एअर फिल्टर बघून घ्या, मळ्याच्या धुळीत तो लवकर भरतो. आणि गिरणाकाठच्या भाऊंचा फिल्टर मिळालाय, शनिवारी बसवतोय.